पांढऱ्या साडीतली पाहणी

दिघी,
३ फेब्रुवारी २०२५

सौ. चतुराबाई हीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्ही मायलेकी बँकॉकला सुखरूप पोहोचल्याचं शेजारच्या सुमनताईंच्या मोबाइलवर कळलं. इकडे मी खुशाल आहे. फोन करू नका. कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या आवाजात एकतीस वर्षं काढल्यावर माझे कान फोनच्या कामाचे उरलेले नाहीत. तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलतो ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. म्हणून हे पत्र. मी कागदावर लिहीन, सुमनताई फोटो काढून मिनलला पाठवतील. तूही तसंच कर. सुमनताईंनी फक्त फोटो काढावा, मजकूर वाचू नये, अशी त्यांना विनंती केलेली आहे.

आता कामाचं. मिनलच्या चाकणच्या कंपनीने तिला तिकडच्या कारखान्यात दोन वर्षं राहशील का असं विचारलं आहे, आणि वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. बाबा नाही म्हणाले तर आपण नाही कळवू, असं पोरीने स्वतःहून सांगितलं. मी त्याच दिवशी नाही म्हणणार होतो. पण तपासल्याशिवाय माल परत पाठवायचा नाही हा माझा नोकरीतला नियम. म्हणून तिच्या या तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला तुला बरोबर धाडलं. माझा पासपोर्ट नाही आणि काढायचाही नाही. जमिनीवर माझं बरं चाललंय.

शहर तपासायचं म्हणजे त्याची नावाजलेली ठिकाणं तपासायची. ज्यांना लोकांना दाखवायच्या जागा नीट ठेवता येत नाहीत ते आपली पोरगी काय नीट ठेवणार? देवळं, राजवाडा, म्युझियम, नदी, सगळं बघ आणि प्रत्येक ठिकाणचे दोष लिही. गुण लिहू नकोस, कागद वाया जातो. तू तपासायला आली आहेस हे कोणाला कळू देऊ नकोस. इन्स्पेक्टर येणार असं कळलं की व्हेंडर निवडक माल पुढे मांडतो.

बॅगेत मी स्वतः चार पांढऱ्या साड्या ठेवल्या आहेत. बौद्ध देशात गेली आहेस, आपल्या विहाराची इभ्रत तुझ्या अंगावर आहे. रोज पांढरंच नेस. ऊन असेल तर डोक्यावर पदर घे.

लोभ आहेच, तो तपासायची गरज नाही.

धोंडीबा

---

बँकॉक,
६ फेब्रुवारी

ती. मिनलच्या बाबांना,
चतुराचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुमच्या पत्रात माझी तब्येत विचारायची राहिली. बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो तिकडेही दुखायचाच.

मिनल सकाळी सातला कंपनीच्या गाडीने जाते आणि संध्याकाळी दमून येते. तिने मला ठिकाणांची नावं इथल्या लिपीत चिठ्ठ्यांवर कंपनीतल्या लोकांकडून लिहवून आणून दिली आहेत. मी चिठ्ठी दाखवते, लोक बोट दाखवतात, मी जाते. काल पहुडलेल्या बुद्धांचं देऊळ पाहिलं. मूर्ती सेहेचाळीस मीटर लांब आहे, तुमच्यासाठी आकडा लिहून घेतला. उशाशी उभं राहिलं तर पाय दिसत नाहीत. चालत चालत तळपायांपाशी गेले तर त्यांवर शिंपल्याचं इतकं बारीक काम, की मी पाणी प्यायचं विसरले. महापरिनिर्वाण आपण आजवर कॅलेंडरवर बघितलं. इथे समोर उभी राहिले आणि एकदम डोळे भरून आले. हळू आवाजात त्रिसरण म्हणायला लागले, तर बाजूची बाईही तेच म्हणत होती. चाल वेगळी, पण शब्द आपलेच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, आणि बुद्धं सरणं गच्छामि दोघींना पाठ.

दोष: चपला दारात ठेवू देत नाहीत. पिशवी देतात, ती आपणच धरून फिरायची.

लोकांचा दोष सापडला नाही, काय करू? तिकिटाच्या खिडकीशी गेले तर माणसाने हात जोडून, वाकून मला आत सोडलं. तिकीट मागितलंच नाही. ज्येष्ठांना सवलत असावी. गाडीत चढले की माणसं ताडकन उठतात. एक टायवाला साहेब तर उठला आणि माझ्या शेजारची जागाही त्याने रिकामी ठेवली, गर्दी असून. होडीवाली बाई माझे पैसे घेईना. आपल्याकडे ज्येष्ठांच्या सीटवर बसलेली पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसतात ते आठवून मला लाज वाटली.

जेवणाचं काय करता? खरं लिहा.

तुमचीच,
चतुरा

---

दिघी,
८ फेब्रुवारी

सौ. चतुराबाई हीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

अहवाल पोहोचला. नापास. गुण लिहू नकोस असं सांगूनही दीड पान गुण आणि दोष म्हणून चपलांची पिशवी. पिशवीवरून शहर रिजेक्ट करता येत नाही. तुझे डोळे भरून आल्याचं वाचलं. ते अहवालात धरत नाही, पण दोनदा वाचलं.

तुझं मन पातळ होत चाललंय, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंपनीत कधी कधी असा भाग यायचा की त्याचं माप चुकलेलं, पण काम चालून जाईल. मग मॅनेजर गोड बोलून म्हणायचे, धोंडीबा, डेव्हिएशनवर सही कर. म्हणजे दोष आहे हे मान्य, तो दुरुस्त होणार नाही हेही मान्य, तरी माझ्या जबाबदारीवर पास. एकतीस वर्षांत मी एकही डेव्हिएशन दिलं नाही. माल एक तर बरोबर असतो, नाही तर परत जातो. त्यामुळे माझी आशा धरू नकोस, दोष शोध.

जेवण मी स्वतः करतो. आज पिठलं केलं होतं, उत्तम झालं. विहारात तुझ्या प्रवासाची चौकशी झाली. आमच्या घरातल्या माणसाला परदेशात लोक उठून जागा देतात, एवढंच मी सहज सांगितलं. विहाराचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी ते माइकवरून पुन्हा सांगितलं, त्याला माझा इलाज नाही.

लोभात कसर नसावी.

धोंडीबा

---

(याच फोटोच्या मागोमाग आलेली चिठ्ठी)

चतुरावहिनी, सुमनचा नमस्कार.

मी पत्र वाचलं न्हाई. पण पिठल्याचं तेवढं दिसलं म्हणून लिहिते. पिठलं माझं होतं बगा. तुमी गेल्यापासून भाऊ रोज आठ वाजता आमच्या दारात वाटी घेऊन येतेत आणि म्हणतेत, मीठ जरा बघा बरं बरोबर हाय का. वाटी रिकामीच असती. मग मी म्हणते बसा आता, तर लगेच बसतेत. आमचे हे लातूरहून आलेली तुरीची डाळ संपल्यावर काय करायचं म्हणून हसतेत.

आनि एक. मिनलची स्कूटर धूळ खात पडली होती ना? भाऊ रोज सकाळी ती पुसतेत, चालू करतेत आनि मिलिटरीच्या भिंतीपर्यंत दोन चकरा मारतेत. विचारलं तर म्हनले, बॅटरी उतरती. माणूस लई कडक हाय वहिनी, पण स्कूटरीवर बसल्यावर चेहरा बगवत न्हाई. मी सांगितलं म्हनून सांगू नका.

माया ऱ्हाऊ द्या.
सुमन

---

बँकॉक,
११ फेब्रुवारी

ती. मिनलच्या बाबांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

पिठल्यात मीठ किती घातलंत ते सुमनताईंना विचारून कळवा.

आता तुमच्या आवडीचं. इथे एका देवळात अख्ख्या सोन्याची बुद्धमूर्ती आहे, साडेपाच टन. कित्येक वर्षं ती चुन्यागिलाव्याच्या थरात होती आणि सगळे तिला साधी समजत होते. सत्तर वर्षांमागे ती नव्या जागी हलवताना दोर तुटला, मूर्ती आपटली, गिलाव्याचा टवका उडाला आणि आतून सोनं दिसलं. तोवर कोणीच नीट तपासलं नव्हतं! तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी नखाने खरवडून बघितलं असतंत. मी मूर्तीपुढे बसून तुमचीच आठवण काढत होते, तेही हसत, म्हणून बाजूच्यांनी वळून पाहिलं.

राजवाड्यातली पाचूची म्हणतात ती मूर्ती मात्र लहान, जेमतेम हाताएवढी. तिला उन्हाळ्याचे, पावसाळ्याचे आणि थंडीचे असे वेगवेगळे पोशाख आहेत. तुम्ही बाराही महिने एकच स्वेटर घालता ते मला आठवलं.

आणि एक नवल. काल एका बाईने देवळाच्या दारात माझ्यापुढे गुडघे टेकले आणि मला नारिंगी बादली दिली. प्लास्टिकची, वरून चकचकीत कागद बांधलेली. आत पाच साबण, टूथपेस्ट, टॉवेल, चहाची पाकिटं, छत्री आणि डोकेदुखीच्या गोळ्या. मी नको नको म्हणत होते, तर तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून घेतली. नगरपालिकेची पाहुण्यांसाठी काही योजना असेल. हे शहर कसं नापास करू? तुम्हीच सांगा. नऊ दिवस उरलेत.

माझ्यावरचा राग पिठल्यावर काढू नका.
चतुरा

---

बँकॉक,
१२ फेब्रुवारी

ती. बाबा,
सविनय जयभीम.

आज माघ पौर्णिमेची इथे सुट्टी, म्हणून पहिल्यांदाच आईबरोबर देवळात गेले. बाबा, बसून वाचा.

इथे संन्यास घेतलेल्या बायका असतात. त्या केस काढतात आणि पांढरी वस्त्रं नेसतात. गाडीत भिक्खूंसाठी राखीव जागा असतात, देवळात त्यांना तिकीट नसतं आणि लोक त्यांना बादलीत साबण-टॉवेल घालून दान देतात. आई गेले दहा दिवस पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन, हातात चिठ्ठी धरून, पुटपुटत या शहरात फिरते आहे. आज माझ्या डोळ्यांदेखत एका पोलिसाने तिच्यासाठी रस्त्यावरची वाहनं थांबवली. आईने त्याला आशीर्वाद दिला. सवय झाली आहे तिला.

मी देवळाच्या पायरीवर बसून इतकी हसले की लोकांना मी रडतेय असं वाटलं. आईला सांगितलं तर ती खोलीवर येऊन बादली मांडीवर घेऊन बसली आहे. फुकटचं घेतलं, फसवून घेतलं, असं सारखं म्हणते. उद्या बादली परत करायला जाणार आहे. कोणाला, ते माहीत नाही.

बाबा, वीस तारखेचं मी आईकडे एकदाही काढलेलं नाही. तुम्ही जे ठरवाल ते मी करीन, तसा शब्द दिलाय. पण मला इथे राहायचंय हे तुमच्यापासून लपवणं बरं नाही. मोशीतला तो फ्लॅट तुम्हाला आठवतच असेल. त्याहून जास्त आता लिहवत नाही.

मायेने रागवा, पण गप्प राहू नका.
मिनल

---

दिघी,
१३ फेब्रुवारी

सौ. चतुराबाई हीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा आजवरचा सगळा अहवाल मी रद्द करत आहे. मी काय सांगितलं होतं? इन्स्पेक्टर आलाय हे कळलं की निवडक माल पुढे येतो. अख्ख्या शहराने दहा दिवस तुला निवडक माल दाखवला! चूक साड्यांची, आणि साड्या मी दिल्या, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. अण्णासाहेबांनी मात्र माइकवरून पुन्हा काही सांगू नये, असं त्यांना जाऊन सांगून आलो. ते फार हसले. मला नीट ऐकू आलं नाही हे एक बरं.

आता नव्याने पाहणी. जांभळ्या फुलांची ती साडी, जी तू भाजीला जाताना नेसतेस, ती नेस. पदर खांद्यावर. तिकीट काढ, रांगेत उभी राहा, धक्के खा. मग बघू किती जण उठतात ते. सत्य बाहेर येईल आणि पोरगी घरी येईल. दुपारी झोप लागली नाही इतकं बरं वाटतंय.

मिनलचं पत्र मिळालं. मोशीचं आठवतं. त्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही, म्हणजे कळलं, पण एका घरमालकावरून माणूस देश सोडत नाही.

पुन्हा खरं लिही, हाच तुझा माझ्यावरचा लोभ.

धोंडीबा

---

बँकॉक,
१६ फेब्रुवारी

ती. मिनलच्या बाबांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

जांभळी साडी नेसून तीन दिवस फिरले. मागाल तेवढे दोष देते.

कोणीही उठलं नाही. परवा नऊ स्टेशनं उभी होते आणि समोर एक धडधाकट माणूस झोपेचं सोंग घेऊन बसला होता, अगदी आपल्या भोसरीच्या बससारखं. रस्त्यात वाहनं अशी तुंबतात की चाकणचा चौक बरा. फुटपाथवर दुचाक्या चढतात. भाजीत साखर घालतात आणि वरून मासळीचं पाणी. राष्ट्रीय म्युझियममध्ये राजेलोकांच्या अंत्ययात्रेचे सोन्याने मढवलेले रथ आहेत, आपल्या बिल्डिंगच्या जिन्याएवढे उंच. मी जरा दोराच्या आत वाकले तर पहारेकऱ्याने मला सगळ्यांदेखत ओरडून मागे सारलं. याच माणसाने गेल्या आठवड्यात मला हात जोडले होते, त्याने ओळखलंही नाही. बाहेर पडले तर वाट चुकले. चिठ्ठी दाखवली तर दोघांनी दोन दिशा दाखवल्या. झालं तुमच्या मनासारखं?

बादली परत केली. संन्यासी बायका राहतात तो मठ मिनलने शोधून दिला. मी बादली पुढे ठेवली आणि खुणांनी सगळा घोटाळा सांगितला, पदर डोक्यावर घेऊन दाखवला. एक म्हातारी संन्यासिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने बादली ठेवून घेतली, त्यातला एक साबण मला दिला आणि माझ्या साडीवरची फुलं बोटाने कौतुकाने चाचपून पाहिली. तो साबण तुमच्यासाठी आणते आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. आज रविवारी मिनलबरोबर होडीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. जांभळ्या साडीत. माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं. तीन दिवसांत चार-पाच जणांनी कुठून आलात असं विचारलं. इंडिया म्हटलं की मान हलवतात आणि गप्प बसतात. मी दर वेळी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तुम्हाला माहीत आहे कोणता. आडनाव काय? तो प्रश्न आलाच नाही. मी साठ वर्षांची झाले, त्याच्या उत्तराची तयारी मनात कायम असते हे मला इथे येऊन कळलं, कारण इथे ती वाया गेली.

हे मी मिनलला होडीत बोलून दाखवलं तेव्हा पोरीने सांगितलं. कंपनीजवळ खोली हवी म्हणून ती मोशीचा तो एकच फ्लॅट बघायला गेली नव्हती. सहा घरं बघितली. सगळीकडे पगार विचारून झाला, कंपनी विचारून झाली, चहा झाला, मग आडनाव विचारलं, आणि मग प्रत्येकाला आपल्या पुतण्याला ती जागा लागणार असल्याचं आठवलं. आपल्याला तिने एकच सांगितलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. सात महिने ती रोज चार तास प्रवास करत होती आणि घरी येऊन हसत होती. आपण म्हणायचो, पोरीला घर सोडवत नाही.

हे शहर काही स्वर्ग नाही. इथेही त्यांचं त्यांचं काही असेल, ते मला तीन आठवड्यांत कसं दिसणार? पण आपल्या पोरीला दोन वर्षं तरी कोणी तिच्या कामावरून ओळखू दे. तुम्ही जन्मभर हातात व्हर्नियर धरून बसलात. समोर आलेल्या भागाचं माप घेतलंत, माप बरोबर असेल तर पास केलंत. त्याच्या बापाचं नाव कधी विचारलंत का?

माझा अहवाल संपला. निर्णय तुमचा. मला तिच्याशिवाय करमणार नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की मी ते लपवलं.

माझ्यावर नेहमीसारखी माया ठेवा,
चतुरा

---

दिघी,
१८ फेब्रुवारी

चतुरा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सुमनताईंच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. सुमनताई पाठ फिरवून डोळे पुसत होत्या, म्हणजे माझ्याआधी वाचलेलं होतं. सहा घरं. मला एक माहीत होतं. रात्रीचा वरणभात तसाच राहिला. होय, तो त्यांच्याकडचाच. पिठलंही त्यांचंच होतं.

काल दिवसभर विचार केला आणि आज अहवाल लिहायला घेतला. साखरेची भाजी, मासळीचं पाणी, झोपेचं सोंग घेणारा माणूस, हे दोष किरकोळ आहेत, वापरात जातील. पहारेकऱ्याचं बरोबर होतं, दोराच्या आत वाकू नये. मोठा दोष एकच सापडला. ते शहर दिघीपासून फार लांब आहे. संध्याकाळी साडेसातला जिन्यात पोरीच्या सँडलचा आवाज येणार नाही. तेवढा एक आवाज मला अजून ऐकू येतो, हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. हा दोष दुरुस्त होण्यासारखा नाही. मी बराच वेळ पाहिला.

तरी सदर शहर मिनलसाठी दोन वर्षांकरिता डेव्हिएशनमध्ये पास करत आहे. दोष मान्य, जबाबदारी माझी. डेव्हिएशनवरची माझ्या आयुष्यातली ही पहिली सही आहे, ती जपून ठेवावी. मिनलने आजच हो कळवावं. वीस तारखेची वाट बघू नये. शेवटच्या दिवशी माल पाठवणं मला कधी आवडलं नाही.

मात्र डेव्हिएशन दिलं की मध्ये एकदा जागेवर जाऊन पाहणी करावी लागते, तसा नियम आहे. म्हणून सुमनताईंच्या मोबाइलवरून पासपोर्टचा अर्ज भरला. फोटोत मी हसावं असं त्यांचं म्हणणं होतं. ते जमलं नाही. मी येईन तेव्हा निळा सदरा घालीन, पांढरा नाही. सोन्याच्या मूर्तीचा तो तुटलेला दोर कोणत्या बाजूने तुटला ते तिथे जाऊन विचारायचं आहे.

मिनलला सांग, तिची स्कूटर मी रोज चालू करतो. दोन वर्षं करीन. बॅटरी उतरू देणार नाही.

तू बावीस तारखेला ये, लवकर ये. लोभ आहे तसाच पुढे असावा. त्यात डेव्हिएशन चालणार नाही.

तुझाच,
धोंडीबा